दॉर्वॉश लिली, लिली डार्वस

या हंगेरियन अभिनेत्रीचं नाव आधी नीट म्हणू या. हंगेरीत आडनाव आधी लावतात आणि तिथल्या लिपीतला ‘एस’ म्हणजे ‘श’. त्यामुळे बुडापेस्टला ती दॉर्वॉश लिली, न्यूयॉर्कला लिली डार्वस.

जन्म १९०२ चा, बुडापेस्टचा. तिथे नाव झाल्यावर नाट्यदिग्दर्शक माक्स राइनहार्टच्या नाटकमंडळीसाठी ती जर्मन शिकली आणि व्हिएन्नात नायिका म्हणून उभी राहिली. १९२६ मध्ये नाटककार फेरेंत्स मोल्नार यांच्याशी लग्न झालं. १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला, ज्यू कलावंतांना तिथे थारा उरला नाही. पस्तिशी उलटलेली ही बाई अमेरिकेत तिसऱ्या भाषेत कामं शोधू लागली.

अडचण कुठे येते ते पाहा. हंगेरियनमध्ये आघात, म्हणजे शब्द उच्चारताना दिलेला जोर, नेहमी पहिल्या अक्षरावर. इंग्रजीत तो कुठेही पडतो, आणि तो नसलेले स्वर विरून जातात. हंगेरियन माणूस मात्र प्रत्येक स्वर पुरा उच्चारतो, म्हणून त्याचं इंग्रजी ठोके मारल्यासारखं ऐकू येतं. शिवाय ‘डब्ल्यू’चा ‘व्ही’ होतो. (आपणही दोन्हींना एकच ‘व’ वापरतो, तेव्हा हसायचं कारण नाही.) ‘तो’ आणि ‘ती’ यांना हंगेरियनमध्ये ‘ő’, म्हणजे एकच सर्वनाम, घाईत बोलताना नवरा ‘शी’ होऊन बसतो. शब्द पाठ करून हे सुटत नाही, कारण चुकतो तो ताल.

असा ताल असला की शेजारीण, मैत्रीण, सामान्य गृहिणी या भूमिका हातच्या जातात. उरतात राण्या, आज्या आणि परदेशी बायका. १९४५ च्या अखेरीस नट मॉरिस इव्हान्सच्या ‘हॅम्लेट’मध्ये ती गर्ट्रूड, म्हणजे हॅम्लेटची राणी आई झाली. राणीचा उच्चार वेगळा असला तर कोणी हिशेब विचारत नाही.

१९६१ मध्ये ‘ट्वायलाइट झोन’ या अमेरिकन टीव्ही मालिकेच्या एका भागात ती आजी होती. खर्च वाचवायला मालिकेचे ६ भाग फिल्मऐवजी व्हिडिओटेपवर घेतले, त्यांतला हा एक. टेप तेव्हा जोडणं-कापणं किचकट, त्यामुळे अनेक कॅमेरे लावून प्रसंग सलग करावे लागत आणि स्टुडिओबाहेर पडता येत नसे. चित्रपटातल्या नटांना याचा जाच वाटावा, नाटकातल्या बाईला हे घरचंच. १९७१ मध्ये ‘ले ब्लाँ’ नाटकातल्या कामासाठी तिला टोनी या अमेरिकन नाट्यपुरस्काराचं नामांकनही मिळालं.

पण माझ्या मते तिचं खरं काम त्याच वर्षीचं, दिग्दर्शक कारोय मक्क यांच्या ‘सेरेलेम’ या हंगेरियन चित्रपटातलं. ती अंथरुणाला खिळलेली आई. मुलगा राजकीय कैदी आहे. सून तिला सांगते की तो अमेरिकेत सिनेमा काढतोय, आणि त्याच्या नावाने खोटी पत्रं लिहून आणते. चालणं-फिरणं नाहीच, म्हणून सगळा अभिनय डोळे, हात आणि आवाजाच्या चढउतारात. इथे उच्चार सांभाळायचा नव्हता, भाषा आपलीच होती. फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात तिचा आणि सुनेचं काम करणाऱ्या मॉरी त्यॉर्योचिक यांचा खास उल्लेख झाला. ३० वर्षांहून जास्त काळ खऱ्या अमेरिकेत काढलेली बाई बुडापेस्टच्या खाटेवर बनावट अमेरिकेची पत्रं ऐकत होती.