रिमार्क्सचा रकाना

नमस्कार. आयोजकांनी विषय दिला होता ‘वैमानिकाची लेखनसाधना’. साधना वगैरे मला झेपणारं नाही, म्हणून मी फक्त एका रकान्याबद्दल बोलणार आहे.

प्रत्येक वैमानिकाचं एक लॉगबुक असतं. तारीख, विमानाचा प्रकार, नोंदणी क्रमांक, कुठून कुठे, एकूण तास, त्यातले रात्रीचे किती. लायसन्स, बढती, सगळं त्या तासांवर चालतं. पानाच्या अगदी कडेला शेवटचा रकाना असतो, रिमार्क्सचा. माझ्या लॉगबुकात तो जवळजवळ कोराच आहे. फार तर कुठे चाचणीच्या उड्डाणाची नोंद.

मी को-पायलट म्हणून नवी होते तेव्हाची एक रात्र. निघण्याआधी मालाचा कागद हातात आला. त्यात लिहिलं होतं, एचयूएम. म्हणजे ह्यूमन रिमेन्स. विमानातून शवपेटी जाते तेव्हा कागदोपत्री ती या तीन अक्षरांत मावते. पुढे कप्पा कुठला आणि वजन किती. कॅप्टनांनी सही केली, आम्ही निघालो. दहा हजार फुटांच्या खाली कॉकपिटमध्ये कामाखेरीज बोलायचं नाही हा आमचा दंडक, त्यामुळे कोणी काही बोललं नाही. वर गेल्यावर दंडक संपला, तरी कोणी बोललं नाही. मग केबिनमधून इंटरकॉम वाजला. बाविसाव्या रांगेत त्या गेलेल्या माणसाचा मुलगा बसला होता. त्याने एअरहोस्टेसला विचारलं होतं, “खाली फार थंडी असते का?”

कॅप्टन जरा थांबले. मग म्हणाले, “सांग त्यांना, पाणी गोठेल एवढी नसते.”

हॉटेलवर पोचल्यावर मी लॉगबुक भरलं. दोन तास दहा मिनिटं, रात्रीचं लँडिंग एक. आणि झोप येईना. टेलिफोनशेजारी हॉटेलचं पॅड होतं, त्याची चार पानं लिहून काढली. शाळेतल्या निबंधानंतर मी लिहिलेलं ते पहिलं काहीतरी.

ती चार पानं भयंकर होती, हेही सांगून टाकते. चंद्र होता, कापसासारखे ढग होते, ‘काळीज चिरत जाणारी शांतता’ होती. कॅप्टनांचं वाक्य मी गाळलं होतं, कारण ते मला रुक्ष वाटलं! त्या पानांतलं एकच वाक्य ठेवण्यासारखं होतं आणि तेच त्यात नव्हतं, हे कळायला मला काही वर्षं लागली.

आमच्या धंद्यात शब्दांना फार किंमत असते. २७ मार्च १९७७ ला स्पेनच्या तेनेरीफ बेटावरच्या विमानतळावर, दाट धुक्यात, दोन जंबो विमानं धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली. ५८३ माणसं गेली. कारणं अनेक होती, पण त्यातलं एक कारण म्हणजे एक वाक्य. एका विमानाच्या को-पायलटने रेडिओवर सांगितलं, ‘वी आर नाऊ अ‍ॅट टेकऑफ.’ त्याचं विमान धावू लागलं होतं. कंट्रोल टॉवरला वाटलं, ते टेकऑफच्या जागी उभं आहे. टॉवर म्हणाला, ‘ओके’, आणि थांबा म्हणून पुढे जे सांगितलं ते दुसऱ्या विमानाच्या रेडिओ संदेशात मिसळून शिट्टीसारखं ऐकू गेलं. त्यानंतर नियम कडक झाले. आता ‘टेकऑफ’ हा शब्द परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा. एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचं. एक शब्द वेगळा काढून कुलुपात ठेवल्यासारखा.

हे ऐकून तुम्हाला वाटेल, मग साहित्यही तसंच काटेकोर हवं, असं हिचं म्हणणं. तसं नाही. रेडिओवरच्या वाक्याला एकच अर्थ असावा लागतो. ‘खाली फार थंडी असते का’ याला किती अर्थ आहेत, मी अजून मोजतेय. पण उत्तर देणाऱ्याने तापमानच सांगितलं, म्हणून ते अर्थ जिवंत राहिले. त्याने सांत्वन केलं असतं तर प्रश्न तिथेच मेला असता. मला नोकरीने लिहायला शिकवलं ते एवढंच. हे मी कुठल्या कार्यशाळेत शिकले असते असं वाटत नाही.

वैमानिक लेखक म्हटलं की सगळे सेंत-एक्झुपेरीचं नाव घेतात. टपाल घेऊन वाळवंटावरून उडणारा, १९४४ मध्ये टेहळणीवर गेला तो न परतलेला. मोठाच माणूस. मला मात्र नेव्हिल शूट जवळचा वाटतो. तो विमानांचा इंजिनिअर. दिवसा आर-१०० या वायूने तरंगणाऱ्या प्रचंड हवाई जहाजाची गणितं करायचा, संध्याकाळी कादंबऱ्या लिहायचा. पूर्ण नाव नेव्हिल शूट नॉर्वे. कादंबरीवर त्याने ‘नॉर्वे’ छापलं नाही. कादंबऱ्या लिहिणारा इंजिनिअर लोकांना गंभीर वाटणार नाही ही धास्ती. मीही सुरुवातीला टोपणनाव घेतलं होतं. पुढे सहकाऱ्यांना कळलं, तेव्हापासून माझी प्रवाशांसाठीची घोषणा जरा लांबली की क्रूमधलं कोणीतरी म्हणतं, “दिवाळी अंक निघाला.”

दुसरा रोआल्ड डाल, मुलांच्या पुस्तकांसाठी प्रसिद्ध असलेला. १९४० मध्ये इजिप्तच्या वाळवंटात त्याचं लढाऊ विमान कोसळलं. दोन वर्षांनी त्यावरची त्याची पहिली गोष्ट छापून आली, आणि मथळ्यात विमान पाडलं गेल्याचं म्हटलं होतं. प्रत्यक्षात इंधन संपत आलेलं, अंधार पडत आलेला, दिलेल्या ठिकाणी धावपट्टी सापडेना, म्हणून तो वाळवंटात उतरायला गेला आणि आपटला. ते त्यानेच पुढे लिहिलं. मला हे दुसरं रूप कितीतरी भीतीदायक वाटतं. गोळीने पडणं निदान समजतं तरी.

वेळ कसा काढता, हा प्रश्न येणारच, म्हणून आधीच सांगते. पहाटेच्या ड्युटीनंतर मी लिहीत नाही, थकलेलं डोकं विशेषणं फार वापरतं. उड्डाणात तर प्रश्नच नाही. लिहिते ते स्टँडबायच्या दिवशी, बॅग भरलेली आणि फोन शेजारी. फोन वाजला तर वाक्य अर्धं सोडून निघायचं. अर्ध्या वाक्यावर परत येणं सोपं जातं, असा माझा अनुभव. आणि प्रवाशांबद्दल लिहिताना रांग, मार्ग, वर्ष सगळं बदलायचं. मघाची बावीस नंबरची रांगही बावीस नव्हती.

त्या रात्रीची गोष्ट शेवटी लिहून झाली, छापून आली. ते कॅप्टन तोवर निवृत्त झाले होते. एके दिवशी त्यांचा फोन. कौतुक वगैरे काही नाही. “त्या रात्री पाऊस नव्हता. तू पाऊस घातलायस.”

मी म्हटलं, “सर, माझ्या लॉगबुकात हवामान लिहिलेलं नाही.”

“माझ्यातही नाही. पण मला ती रात्र आठवते.” कागद उलटल्याचा आवाज आला. लॉगबुक त्यांच्या समोरच होतं. त्यांनी तारीख वाचली, मार्ग वाचला, तास वाचले.

“रिमार्क्समध्ये काही आहे का, सर?” मी विचारलं.

“आहे ना,” ते म्हणाले. “एचयूएम.”