गोली कोण?

(काळोख. लांबून सायकलच्या भोंग्याचा आवाज. ओसरीवर मोबाइलचा निळसर उजेड.)

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातला एक गाव. पहाटेचे पाच वाजत आलेत. पोदेर, म्हणजे पाववाला, अजून वरच्या वाड्यावर आहे. भोंगा ऐकू येतो, पण पाव दारात यायला वेळ आहे. ओसरीच्या सोप्यावर एक गृहस्थ शाल पांघरून बसलेत आणि मोबाइलवर बर्फ बघतायत.

नाताळ होऊन दोनच दिवस झालेत. वीस वर्षांखालच्या मुलांची आइस हॉकीची जागतिक स्पर्धा दरवर्षी नाताळच्या दुसऱ्या दिवशी सुरू होते आणि नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात संपते. तिकडे संध्याकाळ असते तेव्हा आपल्याकडे पहाट. हे गृहस्थ तीस वर्षं टोरांटोत आहेत. डिसेंबरात गावी येतात, पण ही स्पर्धा चुकवत नाहीत. त्यांचा मुलगा लहानपणी तिकडे गोली, म्हणजे गोलरक्षक, होता. गाव त्यांना काका म्हणतो, म्हणून आम्हीही काकाच म्हणू.

आम्ही कॅमेरा घेऊन आलो होतो वेगळ्याच कामाला. भात कापून झालं की इथल्या शेतांची मैदानं होतात, त्यांचं चित्रण करायचं होतं. काकांची वही दिसली आणि विषय बदलला.

(मैदान. सकाळ. सुकलेल्या भाताचे खुंट, चुन्याच्या रेषा, बांधावर चिऱ्यांची रास.)

गावच्या सतरा वर्षांखालच्या फुटबॉल संघाने मागच्या रविवारी मार खाल्ला. चार-दोन. साखळीतला एकच सामना उरलाय, तो जिंकला तरच पुढे जाता येईल. प्रश्न एकच, आणि तो तिठ्यावरच्या हॉटेलात भाजी-पाव संपेपर्यंत रोज निघतो. रविवारी गोली कोण?

दोन आहेत. मोठा सतराचा. उंच, हात लांब, बोलणं कमी. चार गोल त्यानेच खाल्ले. धाकटा पंधराचा, बुटका, मांजरासारखा चपळ. पण उंचावरून आलेल्या चेंडूखाली गेला की त्याचे हात बारपर्यंत पोचत नाहीत. नावं सांगत नाही. दोघांनाही अजून शाळेत जायचंय, आणि गोलीच्या नावाला डाग लागला की पुसता पुसत नाही.

हॉटेलात काय ऐकू येतं? "पाय जड झालेत त्याचे." "पहिला गोल खाल्ला तेव्हाच बदलायला हवा होता." "सरांचा लाडका आहे तो." गोव्यात एक गंमत आहे. खेळाची बातमी मराठी पेपरात वाचायची आणि गोलीला शिवी मात्र कोंकणीतून घालायची. ती इथे ऐकवता येणार नाही.

(वहीचं पान, अगदी जवळून.)

आता वही बघा. शंभर पानी, चौकटीची, गावच्याच दुकानातली. एका पानावर गोलपोस्टाचं चित्र, पेन्सिलीने काढलेलं. त्यावर सात टिंबं. चार भरलेली, तीन पोकळ. चेंडू गोलावर आला की टिंब, आत गेला की भरलेलं टिंब. प्रत्येकाशेजारी बारीक अक्षरात एक-दोन शब्द. पहिल्या भरलेल्या टिंबापाशी, "एकटाच समोर". दुसऱ्यापाशी, "आपल्याच पायाला लागून". तिसरं, "पुन्हा एकटाच". चौथ्यापाशी फक्त, "हातातून".

म्हणजे चारांतला एक गोल पोराचा. दोन वेळा बचावफळी झोपली होती आणि एकदा चेंडू आपल्याच मुलाच्या पोटरीला लागून वळला. हे हॉटेलात कुणी बोललं नाही, कारण स्कोअर चार-दोन असा लागतो, "एक गोलीचा, दोन बचावाचे, एक नशिबाचा" असा लागत नाही.

काकांना ही सवय तिकडची. आइस हॉकीचा गोल सहा फूट रुंद, चार फूट उंच. आपला फुटबॉलचा चोवीस फूट बाय आठ, म्हणजे बरोबर आठपट. पण त्या छोट्या दारावर एका सामन्यात तीसेक फटके येतात. तीस आले आणि सत्तावीस अडवले तर गोलीची टक्केवारी नव्वद. ज्युनियर गोलीची अर्धी कुंडली या एका आकड्यावर मांडली जाते. संघात राहणार की जाणार, व्यावसायिक संघाची नजर पडणार की नाही, सगळं.

आता हिशेब करू. आम्ही तो कागदावर करून बघितला. दर फटक्याला नव्वद टक्के अडवणारा मुलगा धरा. आज जसा आहे तसाच उद्याही. तीस फटक्यांत त्याच्यावर सरासरी तीन गोल व्हायला हवेत. पण त्याचं काहीही बिघडलेलं नसताना, साधारण सहा सामन्यांत एकदा त्याच्यावर पाच किंवा जास्त गोल होतील. आणि जवळजवळ तितक्याच वेळा एकच होईल, किंवा एकही नाही. पोरगा तोच. एका रविवारी त्याला खांद्यावर घेतात, दुसऱ्या रविवारी घरचा रस्ता दाखवतात.

हे झालं तीस फटक्यांचं. आमच्या पोरावर आले होते सात.

(ओसरी. काका आणि सर समोरासमोर. मध्ये चहाचे पेले.)

सर म्हणजे संघाचे प्रशिक्षक. दिवसा पंचायतीच्या कामाला असतात, संध्याकाळी मैदानावर. टक्केवारीवर त्यांचा विश्वास नाही. काकांनी वही पुढे सरकवली तर त्यांनी ती उघडलीही नाही.

"काका, हे टिंब मला सांगेल का, की चौथा गोल खाल्ल्यावर पोरगा खाली बघत होता की समोर?"

"नाही सांगणार."

"मग? मी तेवढंच बघतो."

काका हसले. आणि मग त्या ज्युनियर आइस हॉकी स्पर्धेचे दोन अंतिम सामने सांगितले, लागोपाठच्या वर्षांचे.

२०१०. गाव सास्काटून, कॅनडा विरुद्ध अमेरिका. अमेरिकेच्या प्रशिक्षकाने सामना अर्ध्यावर असतानाच गोली बदलला. माइक ली बाहेर, जॅक कॅम्पबेल आत. अमेरिका जादा वेळेत सहा-पाच जिंकली आणि प्रशिक्षक धूर्त ठरला. पण मधलं कुणी सांगत नाही. पाच-तीन अशी आघाडी असताना शेवटच्या तीन मिनिटांत या नव्या गोलीनेही दोन गोल खाल्ले होते. जादा वेळेतला गोल पलीकडे झाला असता तर हाच निर्णय मूर्खपणाचा ठरता.

२०११. बफेलो. कॅनडा विरुद्ध रशिया. तीनपैकी दोन सत्रं संपली तेव्हा कॅनडा तीन-शून्य पुढे. तिसऱ्या सत्रात रशियाने पाच गोल केले. गोली मार्क व्हिसेंटिन, अठरा वर्षांचा, शेवटपर्यंत तोच उभा. बदलायला हवा होता, असं सगळा देश म्हणाला. पुढच्या वर्षी हा मुलगा पुन्हा कॅनडाच्या संघात होता, आणि कांस्यपदकाच्या सामन्यात त्याने फिनलंडला एकही गोल करू दिला नाही. चार-शून्य.

सर थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आमच्या कट्टीमनीसारखं."

(फातोर्ड्याचं स्टेडियम, बाहेरून. रिकामं.)

ज्यांना आठवत असेल त्यांच्या पोटात अजून खड्डा पडतो. २० डिसेंबर २०१५, फातोर्डा, इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना. एफसी गोवा विरुद्ध चेन्नईयिन. सत्त्याऐंशीव्या मिनिटाला गोवा दोन-एक पुढे. नव्वदाव्या मिनिटाला बरोबरी, आणि तो स्वयंगोल अधिकृत नोंदीत लागला आपल्याच गोलीच्या नावावर. लक्ष्मीकांत कट्टीमनी, गोव्याचाच मुलगा. त्यानंतर भरपाईच्या वेळेत चेन्नईयिनच्या मेंडोझाने तिसरा घातला. दोन-तीन. त्या रात्री मडगावपासून पेडण्यापर्यंत एकाच माणसाचा उद्धार चालला होता.

आता २० मार्च २०२२. तेच स्टेडियम, तीच स्पर्धा, पुन्हा अंतिम सामना. हैदराबाद विरुद्ध केरळ ब्लास्टर्स. एक-एक बरोबरी, मग पेनल्टी. हैदराबादचा गोली कट्टीमनी. तीन पेनल्टी अडवल्या त्याने, आणि विजेतेपद हैदराबादला गेलं. गोव्याच्या माणसाने फातोर्ड्यावर, पण दुसऱ्यांसाठी.

काकांकडे याची जोड तयार होती. २००४, हेलसिंकी, याच ज्युनियर स्पर्धेचा अंतिम सामना. तीन-तीन बरोबरी असताना कॅनडाचा मार्क-आंद्रे फ्लूरी पुढे येऊन पक, म्हणजे हॉकीची रबरी चकती, लांब मारायला गेला. तो आपल्याच खेळाडूच्या अंगावर आपटून मागे फिरला, थेट आपल्याच गोलात. अमेरिका चार-तीन. पुढे या फ्लूरीने तीनदा स्टॅनले कप, म्हणजे व्यावसायिक आइस हॉकीचा सगळ्यात मोठा करंडक, जिंकला. हेलसिंकीनंतर त्याला कुणी बसवून ठेवला असता तर, एवढंच काका म्हणाले आणि चहा संपवला.

इथे आमचं मत सांगून टाकतो. ही उदाहरणं ऐकायला बरी वाटतात, पण जे परत उभे राहिले तेच आपल्याला माहीत असतात. एका वाईट दिवसानंतर हातमोजे माळ्यावर टाकलेली मुलं किती, ते कुठल्याच वहीत नाही. आणि म्हणूनच गोलीचा निर्णय बाकी दहा जणांच्या निर्णयासारखा नसतो. बचावपटूला बसवला तर त्याला उजवीकडे, डावीकडे, मधे, कुठेतरी पुन्हा जागा मिळते. गोलीची जागा एकच. एकाला उभा करायचा म्हणजे दुसऱ्याला बाकावर गोठवायचा.

कॅनडाने तर यावर नियमच केला होता. तिथल्या मोठ्या ज्युनियर लीगांत परदेशी खेळाडूंची निवड होते. २०१३ मध्ये ठरलं की यापुढे या निवडीत युरोपचे गोली घ्यायचे नाहीत, कारण आपल्या पोरांना खेळायलाच मिळत नाही. २०१८ मध्ये तो नियम मागे घेतला. पाच वर्षं दारं बंद करूनही वाद मिटला नाही तो नाहीच. आपल्या २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषक संघातही तीन गोली होते, त्यांतला सनी धालीवाल कॅनडात वाढलेला. तिन्ही सामने उभा राहिला मणिपूरचा धीरज सिंग. तीन सामने हरलो, तरी पोस्टाखालच्या त्या मुलाचं कौतुकच झालं. इतकं शहाणपण प्रेक्षकांना कधीतरीच सुचतं.

(मैदान. संध्याकाळ. दोन्ही गोली सराव करताना.)

सरांचं दैवत वेगळंच आहे. ब्रह्मानंद शंखवाळकर. भारताचा कर्णधार राहिलेला गोव्याचा गोली, २०२२ चा पद्मश्री. त्याच्या काळात, १९८३-८४ च्या मोसमात, गोव्याने संतोष करंडक जिंकला तो एकही गोल न खाता. सर त्या वेळी जन्मलेही नव्हते. वडिलांकडून ऐकलेलं सांगतात, पण स्वतः गॅलरीत बसून बघितल्यासारखं.

"तो पुढे यायचा तेव्हा बचावपटूंना आवाज द्यायचा," सर म्हणाले. "आमचा मोठा बोलतच नाही. दोन वेळा एकटाच समोर आला ना फॉरवर्ड? बोलला असता तर आला नसता."

हे वहीत नव्हतं. काकांनी खिशातून पेन्सिल काढली, त्या दोन टिंबांशेजारी आणखी एक शब्द लिहिला. "मुका". मग खोडला. पोरगं जवळच उभं होतं, चेंडू आणायला आलेलं.

(शनिवार, रात्र. गाडीत बॅगा.)

शनिवारी रात्री काकांचं मोपाहून विमान. यादी रविवारी जाहीर होणार होती, पण सरांनी निघता निघता त्यांच्या कानात सांगितली. मोठाच. कारण विचारलं तर म्हणाले, "समोरच्यांचा नऊ नंबर सहा फुटी आहे, कॉर्नरला धाकटा पुरणार नाही." आणि मग, गाडीचं दार लावताना, "आणि आत्ता बसवला तर हा मैदानावर परत येणार नाही, काका. धाकटा येईल. त्याचं वय आहे यायचं."

आम्हाला वाटलं होतं सर धाकट्याला उभा करतील. हॉटेलातही सगळ्यांना तसंच वाटलं होतं.

काकांनी वही ठेवून दिली. कुणाकडे, ते सांगून गेले.

(रविवार, दुपारी चार. मैदान. बांधावर माणसं, स्कूटरवर माणसं.)

मैदान पूर्व-पश्चिम आहे, शेताच्या कुणग्यांना दिशा विचारून कोण मैदान आखतो? पहिल्या अर्ध्यात मोठा पश्चिमेकडे तोंड करून उभा. डोंगरावर आलेलं ऊन सरळ डोळ्यांत. आठव्या मिनिटालाच त्याने एक उडी मारून काढला. मग ओरडला, "सोड, माझा!" सरांनी चटकन मान वळवली. आठवडाभरात आम्ही त्याचा आवाज पहिल्यांदा ऐकला.

बाविसाव्या मिनिटाला डावीकडून लांब चेंडू आला. हवेत उंच, सावकाश. तो पुढे आला, थांबला, कपाळावर हात धरला, आणि चेंडू त्याच्या मागे टप्पा पडून आत गेला. बांधावरून एकच हुर्यो. "आंधळा मेला!" असं कुणीतरी मराठीतच ओरडलं.

दुसऱ्या अर्ध्यात आपल्या पोरांनी दोन घातले. सामना दोन-एक सुटला, संघ पुढे गेला, आणि बांधावरची माणसं तेवढ्यात मोठ्याला विसरलीही.

(बाक. धाकटा. गुडघ्यावर वही.)

वही धाकट्याकडे होती. हातमोजे घातलेलेच, त्यामुळे अक्षर वेडंवाकडं. पोस्टाचं चित्र काकांच्यापेक्षा बरं जमलंय. टिंबं सहा. पाच पोकळ, एक भरलेलं. सरांनी त्याच्या खांद्यावरून वाकून वाचलं. भरलेल्या टिंबापाशी लिहिलं होतं, "ऊन".

सरांनी वही मागितली. पहिल्यांदाच. मागची पानं उलटली, मागच्या रविवारच्या चार भरलेल्या टिंबांवर थांबले.

"पुढचा सामना कुठे रे?"

"मये, सर."

"तिथे पोस्ट कुठल्या दिशेला?"

धाकट्याला माहीत नव्हतं. तो उठला आणि मोठ्याला विचारायला गेला.