रेडपॉइंट, कॅम्पस, गॅस्टन, जुमार: क्लायंबरच्या तोंडचे हे शब्द आले कुठून?

जर्मनीत न्यूरेंबर्गच्या उत्तरेला फ्रँकेनयुरा नावाचा भाग आहे. जंगलात मधेमधे चुनखडीचे कडे, फार उंच नाहीत, पण क्लायंबिंगच्या बोलीतला सगळ्यात वजनदार शब्द इथूनच निघालाय. रेडपॉइंट. "झाला का रे रेडपॉइंट?" हे आज कुठल्याही क्लायंबिंग वॉलवर ऐकू येतं, आपल्या पुण्यातसुद्धा.

1970च्या दशकात इथले क्लायंबर कड्यात ठोकलेल्या पिटॉनला, म्हणजे लोखंडी मेखेला, सरळ हात घालायचे नाहीतर तिच्यावर पाय देऊन वर सरकायचे, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही. कुर्ट आल्बर्ट नावाचा एक तरुण मात्र 1973 मध्ये जर्मनीच्याच पूर्वेकडच्या सॅक्सनीत, एल्बे नदीकाठच्या वालुकाश्माच्या सुळक्यांवर जाऊन आला. तिथली रीत जुनी आणि कडक, चढायचं ते खडकाला धरूनच, दोर आणि लोखंडी रिंगा फक्त पडलो तर वाचवायला. हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं. घरी परतल्यावर तो नेहमीच्याच रूटवर, म्हणजे कड्यावरच्या ठरलेल्या चढाईच्या वाटेवर, मेखांना हात न लावता चढायला लागला, जी मेख लागत नाही तिच्यावर लाल रंगाची फुली, मग पुढची, मग त्याच्या पुढची. आणि एकाही मेखेला न धरता, दोरावर एकदाही न लटकता खालपासून वरपर्यंत रूट झाला, की पायथ्याशी खडकावर एक लाल ठिपका. साल 1975, वय 21. जर्मनमध्ये रोटपुंक्ट, त्याचंच रेडपॉइंट.

मला यातलं सगळ्यात भारी काय वाटतं सांगू? त्याने तिथे स्वतःचं नाव नाही रंगवलं. ठिपक्याचा अर्थ एवढाच, की हा रूट नुसत्या हातापायांनी होतो, तुम्हीही बघा. सराव कितीही करा, पण मोजायची ती एकच चढाई, मधे पडलात तर खाली या आणि पहिल्यापासून सुरू करा. जगभरातलं स्पोर्ट क्लायंबिंग आज याच नियमावर चालतं.

याच कुर्टचा जोडीदार वोल्फगांग ग्युलिश. बोटांची ताकद वाढवायला त्याने 1988 मध्ये न्यूरेंबर्गच्या एका जिममध्ये लाकडी पट्ट्यांची तिरकी फळी टांगली, पाय हवेत सोडून नुसत्या बोटांवर एकेक पट्टी वर जायचं. जिमचं नाव कॅम्पस, म्हणून तो कॅम्पस बोर्ड, आणि पाय न लावता चढणं म्हणजे कॅम्पस मारणं. ही मेहनत 1991 मध्ये फळाला आली, अ‍ॅक्शन डिरेक्ट हा त्या काळातला जगातला सगळ्यात अवघड रूट त्याने केला.

गॅस्टनमागे तर चक्क माणूसच आहे. गॅस्टन रेब्युफा, मार्सेयचा, आल्प्सच्या सहाही मोठ्या उत्तर भिंती चढणारा पहिला माणूस, 1950च्या अन्नपूर्णा मोहिमेतही होता. भेगेत दोन्ही हात घालून, अंगठे खाली, कोपरं बाहेर, बंद लिफ्टचं दार उघडावं तसा तो खडक फाकवायचा. हीच पकड म्हणजे गॅस्टन. खांद्यावर भयंकर जोर येतो, नवीन मुलांनी जपून.

बीटा म्हणजे रूटची आतली माहिती, कुठली पकड, कुठला पाय आधी. हा शब्द न्यूयॉर्कजवळच्या गंक्स नावाच्या कड्यांवरचा, 1980च्या दशकातला, आणि श्रेय जातं जॅक मिलेस्की या क्लायंबरला. सोनीच्या बीटामॅक्स व्हिडिओ कॅसेटवरून त्याने तो उचलला.

आणि आपल्या सह्याद्रीत रोज वापरात असलेला शब्द म्हणजे जुमार. सुळक्यावर पहिला वर पोचला की मागचे बांधलेल्या दोरावर जुमार लावून येतात. हातात मावणारं हँडल, आत बारीक दात असलेला कॅम, म्हणजे दोर दाबणारा फिरता तुकडा, वर ढकललं की दोरावरून सरकतो आणि खाली वजन पडलं की दात दोरात रुततात. स्वित्झर्लंडमध्ये आडोल्फ ज्युसीला गरुडांच्या अभ्यासासाठी कड्यांवर दोराने लटकावं लागायचं, त्याच्यासाठी वाल्टर मार्टीने हे उपकरण बनवलं आणि 1958 मध्ये ते क्लायंबरांसाठी बाजारात आलं. ज्युसीचा ज्यु, मार्टीचा मार. आता उपकरण कुठल्याही कंपनीचं असो, आपली पोरं त्याला जुमारच म्हणतात आणि वर ओरडून सांगतात, "थांब, जुमार करतोय!"