आधी गंज वाचा, मग सही

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय तो असा: वारशाने आलेल्या जपानी तलवारीवरची सही खरी की खोटी, हे कसं ओळखायचं. त्याकडे येतोच. पण आधी मला गंजाबद्दल बोलायचंय. बरीच वर्षं हे मनात साठलंय.

जपानी लोहार सही करतो ती मुठीत दडणाऱ्या भागावर, छिन्नीने. त्या भागाला नाकागो म्हणतात आणि सहीला मेई. पातं आरशासारखं लखलखीत ठेवतात, नाकागोला मात्र कुणी कानस लावत नाही, तेलफडक्याने चोळतही नाही. तिथे गंज शांतपणे चढू देतात. शंभर-दोनशे वर्षांत तो काळपट, घट्ट होतो. ताजा गंज तांबूस असतो, बोटाला लागतो. जुना लागत नाही.

आता आमच्या गावाकडची गोष्ट. तिथले एक आजोबा मराठा पलटणीत होते. महायुद्धानंतर, १९४६ साली, जपानच्या ताब्यासाठी जी ब्रिटिश-हिंदी डिव्हिजन गेली तिच्यात मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन होती आणि डिव्हिजनचं ठाणं होतं ओकायामाला. ओकायामा म्हणजे जुना बिझेन प्रांत, आणि बिझेनमधलं ओसाफुने म्हणजे तलवारींचं माहेरघर. पैठणला मुक्काम पडलेला माणूस पैठणीशिवाय घरी येईल का? आजोबाही ट्रंकेत एक तलवार घेऊन आले.

आजोबा गेले, वाटण्या झाल्या, तलवार नातवाकडे आली. त्याने एका विकणाऱ्याला फोटो पाठवला. तिकडून उत्तर आलं, "सही नीट दिसत नाही, साफ करून पाठवा." पोराने पॉलिश पेपर आणला, गंज काढायचं रसायन आणलं आणि एक अख्खा रविवार घासलं. मी पोचलो तेव्हा नाकागो नव्या चमच्यासारखा चकाकत होता. अक्षरं सुरेख वाचता येत होती: 'बिशू ओसाफुने सुकेसादा'. बिशू म्हणजे बिझेनच, आणि सुकेसादा हे लोहाराचं नाव. मी टूलरूममध्ये चाळीस वर्षं कानस चालवलेला माणूस, भिंगातून पाहिलं आणि पोटात गोळा आला. अक्षराच्या खाचेत तळापर्यंत पांढरं लोखंड. सही मागाहून कोरली असेल तर खाचेतला गंज कोवळा असणार. तो बाहेरच्या गंजाच्या वयाचा होता का, हाच तर पहिला प्रश्न! त्याचं उत्तर त्या रविवारी मोरीतून वाहून गेलं.

पोराचा दोष नाही. "साफ करा" म्हणणाऱ्याचा मला आजही राग आहे.

बरं, सुकेसादा हा एक माणूस नव्हे. ओसाफुनेत हे नाव लावणारे कितीतरी लोहार होऊन गेले आणि पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या जपानी यादवीच्या काळात त्यांच्या भट्ट्यांतून ढिगाने तलवारी निघाल्या. 'बिशू ओसाफुने सुकेसादा' एवढीच त्रोटक सही बहुधा अशा मालावर असते. मागणीनुसार घडवलेल्या तलवारीवर 'बिझेन नो कुनी जू', म्हणजे बिझेन प्रांताचा रहिवासी, अशी सुरुवात आणि योसोझाएमोन-नो-जो यांच्यासारखं लोहाराचं पूर्ण नाव सापडतं.

खोटी सही जपानला नवी नाही. तिला 'गिमेई' असा स्वतंत्र शब्दच आहे. सतराव्या शतकातला नामवंत लोहार कोतेत्सू आधी चिलखतं घडवायचा, मग तलवारींकडे वळला. त्याच्या नावाच्या नकला इतक्या झाल्या की कोतेत्सू दिसला की आधी खोटा समजा, अशी तिथे म्हणच पडली. आपल्याकडे इराणी शमशेरींवर असदुल्ला या नामांकित लोहाराचं नाव दिसतं, त्याची गत हीच. आणि प्रत्येक खोट्या सहीमागे ठकसेन असतो असंही नाही. गुरूच्या परवानगीने शिष्य गुरूचं नाव कोरायचा. त्याला 'दाइमेई' म्हणतात आणि ती खोटी धरत नाहीत.

चिठ्ठी आलीय, दहाच मिनिटं उरली. तेव्हा पत्रिकेतला विषय आता भराभर.

पहिलं, सही झाकून पातं बघा. बाक, धारेजवळची हामोन नावाची नक्षी, पोलादाचा पोत. पातं एका शतकाचं आणि नाव दुसऱ्या शतकाचं, तर बोलणंच खुंटलं. मग नाकागोवरच्या कानशीच्या रेघा. त्या आधीच्या, छिन्नी नंतरची, म्हणून अक्षराने रेघा कापलेल्या दिसायला हव्यात. छिन्नीने खाचेच्या काठावर धातू उचलला जातो, कारखान्यात आपण त्याला बर म्हणतो. तीनशे वर्षांच्या सहीचा बर बोचत असेल तर सावध व्हा. पुढे, बऱ्याच लांब तलवारी नंतर खालून कापून आखूड केल्या गेल्या. अशा वेळी जुनी सही टोकाशी सरकते किंवा पार जाते. आखूड केलेल्या नाकागोवर सही ऐटीत मधोमध, मुठीच्या खुंटीसाठी पाडलेल्या नव्या भोकाला सांभाळून बसलेली दिसली, तर ती कापल्यानंतरच कोरलेली.

सर्वांत शेवटी अक्षराचं वळण. मोडी वाचणाऱ्यांना हे सांगायला नको. कोतेत्सूच्या नावातलं 'तोरा' हे अक्षर आधी शेपटी उडवलेलं असे, पुढे चौकोनी झालं. तलवारीवरची तारीख एका काळातली आणि 'तोरा' दुसऱ्या काळातला असेल तर चोरी सापडली. बाजूही बघा. कताना, म्हणजे जपानी लांब तलवार, कमरेला लावल्यावर सही सहसा बाहेरच्या अंगाला येते, पण हिझेन प्रांतातला लोहार तादायोशी ती उलट अंगाला करी. तिथे नेहमीच्या बाजूची सहीच संशयास्पद.

अंतिम शब्द टोकियोतल्या, १९४८ साली स्थापन झालेल्या तलवार-जतन संस्थेच्या परीक्षकांचा. सही खोटी ठरली तर ते प्रमाणपत्र देत नाहीत. काही मालक मग ती सही काढून टाकून पातं पुन्हा पाठवतात, कारण पातं उत्तम असू शकतं. त्या नातवाची तलवारही चांगली आहे, मी पाहिलीय. फक्त ती कुणाची, हे आता नाकागो सांगणार नाही.

मागे बसलेल्या ताईंनी पिशवीतून तलवार आणलीय असं कळलं. ताई, इथे मूठ काढू नका. टेबलावर बटर पेपर आणि मऊ पेन्सिल आहे. कार्यक्रम संपल्यावर बांबूची खुंटी मी सावकाश काढतो, आणि आपण नाकागोचा ठसा घेऊ, गंजाला धक्का न लावता.