डाव्या तोंडाचा शंख

(दृश्य : शेत, नव्या विहिरीचा मलबा)

नागपूर जिल्ह्यातलं एक शेत. बांधाला नव्या विहिरीचा मलबा पडलेला आहे. हा ढीग उलटा वाचायचा असतो. जमिनीत जे वर होतं ते ढिगाच्या तळाशी गेलं, आणि सगळ्यात खोल होतं ते आता डोक्यावर आलं. तळाशी काळी माती, तिच्यावर मुरूम, मग काळा पाषाण. आणि सगळ्यात वर हे करडे-पांढरे, धारदार तुकडे. पाषाण फोडून खाली गेल्यावर निघालेले.

काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट, थिजलेला लाव्हा. करडा दगड मात्र लाव्हा नाही. तो तळ्याचा गाळ आहे.

(दृश्य : शाळकरी मुलगी दगड पुढे करते. मूळ आवाज : "काका, हे पा, दगडात गोगलगाय हाय!")

गोगलगाय आहेच. बोराएवढी. पण कुठली? तिचं नाव सांगायचं तर आधी दगडाला विचारावं लागेल.

(दृश्य : चाकूचा ओरखडा, आम्लाचा थेंब)

चाकूच्या टोकाने ओरखडा उठत नाही. उलट पोलादाचीच चकाकती रेघ दगडावर राहते. सौम्य आम्लाचा थेंब टाकला, फेस नाही. म्हणजे हा चुनखडक नव्हे. हा चर्ट, गारगोटीच्या जातकुळीतला. लाव्हातून विरघळून आलेली सिलिका, म्हणजे गारगोटीचं द्रव्य, तळ्याच्या गाळात मुरली, शंखात भरली आणि शंखासकट सगळं कडक झालं. म्हणून साडेसहा कोटी वर्षांनंतरही वेटोळी मोजता येतात.

दख्खनचा लाव्हा एका दमात आला नाही. एक थर आला, निवला, त्यावर माती झाली, झाडं वाढली, खोलगटात पाणी साठलं. मग पुन्हा लाव्हा. दोन लाव्हांच्या मधल्या या गाळाला भूवैज्ञानिक इंटरट्रॅपियन थर म्हणतात. आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेल्या या पाषाणाचा विदर्भ हा पूर्वेकडचा काठ. इथे लाव्हाचे थर मोजकेच आहेत, त्यामुळे मधला गाळ विहिरीच्या खोलीवरही भेटतो.

(दृश्य : शंख दोन बोटांत, अगदी जवळून)

आता शंख. टोक वर, तोंड आपल्याकडे. हे असंच धरायचं, प्रत्येक वेळी. तोंड उजव्या हाताला आलं तर शंख उजवा, डाव्या हाताला आलं तर डावा. बहुतेक गोगलगायी उजव्या. हिचं तोंड डावीकडे आहे.

(देवघरातला दक्षिणावर्ती शंख जीवशास्त्राच्या या मोजणीत डावा ठरतो. तिथे शंख धरायची रीत वेगळी. दोन्ही रीती आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त एकीने मोजून दुसरीचं नाव देऊ नये.)

पण थांबा. दगड फुटला तेव्हा त्याचे दोन भाग झाले. एका भागात शंख राहिला, दुसऱ्यात त्याचा ठसा. ठशात सगळं उलटं दिसतं, आरशातल्यासारखं. ठसा पाहून डावं-उजवं ठरवलं की ओळख हमखास चुकते. ठशावर मळलेली शाडूची माती दाबा आणि हलकेच उचला.

(दृश्य : मातीचा गोळा ठशातून सुटतो)

तोंड डावीकडे. खात्री झाली. मोबाईलच्या सेल्फी कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोंनाही हीच खोड असते. काही फोन डाव्याचं उजवं करून दाखवतात. फोटो मागच्या कॅमेऱ्याने काढा, शेजारी एक नाणं ठेवा.

डावं तोंड, बुटकं टोक, शेवटचं वेटोळं फुगीर आणि जवळजवळ सगळा शंख व्यापणारं. ही फायसा. आजही तिचे नातलग आपल्या शेजारीच राहतात.

(दृश्य : गावातलं गटार, पाण्यातल्या जिवंत गोगलगायी)

ही जिवंत फायसा, मूळची उत्तर अमेरिकेतली, आता जगभर पसरलेली. सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरची. हवेवर श्वास घेते, म्हणून उथळ, संथ पाण्यात राहते. दगडातल्या फायसा मात्र काही बोटभर लांब सापडतात. पण राहणी अशीच असणार. म्हणजे या विहिरीच्या जागी समुद्र नव्हता. गोडं, उथळ, संथ पाणी होतं.

या दगडातल्या फायसाला नाव मिळालं 1840 मध्ये. मद्रास सैन्यातले डॉक्टर जॉन माल्कमसन यांनी हैदराबादहून नागपूरकडे येणाऱ्या वाटेवरच्या डोंगरांतून असे शंख गोळा केले होते. त्यांच्या लेखात जेम्स डी कार्ल सॉवर्बी यांनी नाव दिलं : फायसा प्रिन्सेपाय. अलीकडे काही अभ्यासक तिला प्लॅटीफायसा या प्रजातीत ठेवतात.

(दृश्य : टाकळी परिसर, रस्ते, इमारती)

आणि ही टाकळी. नागपूरच्या वायव्येची. तेव्हा गावाबाहेरचं माळरान होतं. स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर हे दोन स्कॉटिश मिशनरी इथे दगड फोडत फिरले. शंख, शिंपले, फळं, बिया, माशांचे अवशेष, जे मिळेल ते टिपत गेले. 1855 मध्ये दोघांनी नागपूरच्या भूरचनेवर लेख लिहिला, 1860 मध्ये हिस्लॉपनी एकट्याने शंखांवर. त्यात फायसाचे लांबट आणि फुगीर असे प्रकार त्यांनी वेगळे केले. पाल्युडिना, व्हाल्व्हाटा, लिम्निया या गोड्या पाण्यातल्या इतर गोगलगायींची वर्णनं केली. आमच्या हातातला शंख आजही त्याच वर्णनांशी ताडून पाहावा लागतो.

(दृश्य : टाकळघाटची शिळावर्तुळं)

हिस्लॉप नुसते शंखांपाशी थांबले नाहीत. नागपूरजवळच्या टाकळघाटच्या या शिळावर्तुळांचं, म्हणजे गोलात मांडलेल्या प्राचीन दगडांचं, उत्खनन पाहायला ते गेले होते. 4 सप्टेंबर 1863. परतताना ओढ्याला पूर आला होता. त्यात ते बुडाले. नागपुरातलं हिस्लॉप कॉलेज त्यांच्या नावाने 1883 मध्ये सुरू झालं.

हिस्लॉप या थरांना डायनोसॉरनंतरच्या काळातले समजत होते. पुढे नागपूर-जबलपूर पट्ट्यातल्या अशाच थरांत डायनोसॉरचे अवशेष मिळाले, पाषाणाचं वय किरणोत्सारी पद्धतीने मोजलं गेलं, आणि बरेचसे थर क्रेटेशियसच्या, म्हणजे डायनोसॉरच्या शेवटच्या कालखंडाच्या, अगदी शेवटाला जाऊन बसले. ही दुरुस्ती होऊ शकली, कारण कुठला शंख कुठून उचलला हे लिहून ठेवलं होतं.

टाकळीचं माळरान आज वसाहतींखाली आहे. इतर ठिकाणचे थर खाणीत, रस्त्याच्या गिट्टीत जात आहेत.

(दृश्य : मुलगी वहीत लिहिते आहे)

म्हणून ही वही महत्त्वाची. शंख हातात आला की पहिलं काम धुणं नव्हे, लिहिणं. गाव, शेत, मोबाईलवर दिसणारे अक्षांश-रेखांश. विहिरीत किती हातांवर करडा दगड लागला, ते खोदणाऱ्या माणसाला विचारून. वर कुठला दगड, खाली कुठला. सोबत काय काय दिसलं. शंख दगडातून उकरून काढू नका. त्याच्याभोवतीचा दगड त्याचं वय सांगतो, आणि त्याच दगडात डोळ्यांना न दिसणारे शेजारी असतात. ज्या शंखाची जागा माहीत नाही, तो काचेच्या कपाटात शोभतो. अभ्यासाला त्याचा उपयोग फार थोडा.

मालकाला विचारून, चिठ्ठीसकट, हा तुकडा जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागात दिला. नागपुरात सेमिनरी हिल्सला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं कार्यालय आहे, तिथेही विचारता येतं.

(दृश्य : भिंगाखालून दगडाची कड)

चिठ्ठीवर आत्ता इतकंच लिहिलं आहे : फायसा प्रिन्सेपाय, बहुधा फुगीर प्रकार. 'बहुधा' अशासाठी, की तोंडाची खालची कड अजून दगडात आहे. आणि कडेला हे तिळाएवढे दोन शंख दिसतात. तोंड उजवीकडे, म्हणजे ही फायसाची पिल्लं नव्हेत. व्हाल्व्हाटा असेल तर टोक चपटं आणि तोंड गोल हवं. लिम्निया असेल तर टोक लांब निमुळतं. तेवढं दिसण्यासाठी कड सुईने मोकळी करावी लागेल. ते काम आता प्रयोगशाळेत सुरू आहे.