घरावर पत्रा टाकायचा म्हणताय? मग हे ऐका

नमस्कार श्रोतेहो. आज आपण छपराबद्दल बोलणार आहोत, म्हणजे पत्र्याच्या छपराबद्दल. पत्रा म्हटलं की बऱ्याच जणांच्या कपाळावर आठ्या येतात. पत्रा म्हणजे गोडाऊनला, शेडला, नाहीतर पैसे कमी पडले तर, असं डोक्यात पक्कं बसलंय. मला हे मुळीच पटत नाही. नीट निवडलेला आणि नीट बसवलेला पत्रा हे राहत्या घरासाठी फार चांगलं छप्पर आहे, आणि का ते आज जरा सविस्तर सांगतो.

सगळ्यात मोठा फायदा वजनाचा, आणि नेमकं त्याबद्दलच कोणी बोलत नाही. अर्धा मिलिमीटर जाडीचा स्टीलचा पत्रा एका चौरस मीटरला साधारण 4 ते 5 किलो भरतो. कौलं घेतली तर तेवढ्याच जागेला 40-50 किलो, आणि पावसात पाणी पिऊन ती अजून जड होतात. 4 इंची काँक्रीटचा स्लॅब तर 250 किलोच्या घरात जातो. म्हणजे 100 चौरस मीटरच्या घरावर स्लॅब असेल तर तुमच्या डोक्यावर 25 टन आहेत, आणि पत्रा असेल तर जेमतेम अर्धा टन, वर ट्रस आणि पर्लिनचं, म्हणजे पत्रा पेलणाऱ्या सांगाड्याचं आणि त्यावरच्या आडव्या पट्ट्यांचं, काय ते वजन. आता भूकंपात काय होतं बघा, जमीन हलली की घरावर येणारं बळ हे घराच्या वजनाच्या प्रमाणात येतं, त्यामुळे वरचं ओझं जितकं कमी तितका भिंतींवरचा ताण कमी. जुन्या घरावर एक मजला वाढवायचा असेल आणि खालचा पाया किती झेपेल याची धाकधूक असेल तेव्हा इंजिनिअर लोक पत्र्याचं नाव घेतात ते याचमुळे.

दुसरी गोष्ट गंजाची. लोखंड गंजणारच ना, असं सगळेच म्हणतात. पण आपण घरावर टाकतो तो पत्रा नुसतं लोखंड नसतोच. स्टीलवर जस्ताचा थर चढवायच्या पद्धतीचं पेटंट फ्रान्समध्ये सोरेल नावाच्या इंजिनिअरने 1837 साली घेतलं आणि आजचा जीआय, म्हणजे जस्त चढवलेला पत्रा त्याच विचारावर चाललाय. यात गंमत अशी की जस्त फक्त झाकून ठेवत नाही, पत्र्यावर ओरखडा पडून आतलं स्टील उघडं पडलं तरी आजूबाजूचं जस्त आधी स्वतः झिजतं आणि स्टीलला वाचवतं. 1972 पासून बाजारात जस्त आणि अॅल्युमिनियम मिसळलेला थरही आला, त्यात वजनाने 55 टक्के अॅल्युमिनियम असतं, आणि साध्या हवेत तो नुसत्या जस्तापेक्षा बराच जास्त टिकतो. म्हणून पत्रा घेताना रंग नंतर बघा, आधी थर विचारा. दर चौरस मीटरला किती ग्रॅम कोटिंग आहे ते बिलावर लिहून घ्या, आणि सांगितलेली जाडी रंगासकट आहे की नुसत्या स्टीलची हेही विचारा, कारण खरा फरक तिथेच पडतो. चांगला पत्रा 40-50 वर्षं सहज जातो, फक्त समुद्राच्या खाऱ्या हवेत राहत असाल तर जास्त कोटिंगवाला किंवा सरळ अॅल्युमिनियमचा बघा.

आता उन्हाचं. पत्र्याखाली भट्टी होते ही तक्रार खरी आहे, पण ती उघड्या पत्र्याची आहे. कोरा चकचकीत पत्रा ऊन परतवतो पण जी उष्णता शोषतो ती लवकर बाहेर टाकत नाही, म्हणून तापतो. फिकट रंगाचा कोटेड पत्रा दोन्ही कामं करतो, आणि खाली ग्लासवूलचा (काचेच्या तंतूंचा) किंवा फोमचा थर, म्हणजे इन्सुलेशन दिलं, वर गरम हवा निघून जायला रिजपाशी, म्हणजे छपराच्या माथ्यापाशी, वाट ठेवली की घरात मोठा फरक पडतो. शिवाय पत्रा पातळ असल्यामुळे ऊन उतरलं की तासाभरात निवतो. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री झोपायच्या वेळी ती सगळी उष्णता खाली सोडत बसतो, हे ज्यांनी भोगलंय त्यांना वेगळं सांगायला नको. तोच खालचा थर पावसाचा आवाजही मारतो. आणि पहाटे गार पडलेल्या पत्र्याला आतून दव धरून टपटप होते ना, तीही थांबते. तेव्हा एक वेळ महागडा डिझायनर रंग सोडा, पण इन्सुलेशन सोडू नका, असं माझं अगदी ठाम मत आहे.

वीज पडेल का, हे पण बरेच जण विचारतात. पत्रा विजेला ओढून घेत नाही, वीज कुठे पडणार हे उंचीवर आणि जागेवर ठरतं. उलट पत्रा जळत नाही, बाहेरून उडून आलेली ठिणगी त्यावर विझून जाते.

पण श्रोतेहो, हे सगळे फायदे शेवटी येऊन थांबतात स्क्रूवर. पत्रा उन्हात वाढतो आणि थंडीत आखडतो, 6 मीटर लांबीचा स्टीलचा पत्रा 40 अंशांच्या फरकाने जवळपास 3 मिलिमीटर सरकतो, आणि ही ओढाताण रोज चालते. ती सगळी सोसतो स्क्रूखालचा छोटासा रबरी वॉशर. स्क्रू सैल राहिला तर पाणी आत येतं, जास्त आवळला तर रबर चेपून बाहेर येतं आणि दोन-चार उन्हाळ्यांत तडकतं. रबर धातूच्या टोपीखालून जरासं डोकावतंय एवढंच आवळायचं. काम चालू असताना वर चढून चार स्क्रू स्वतः बघा. कडेला आणि कोपऱ्यांना स्क्रू जास्त हवेत, कारण वारा पत्रा उचलायला लागतो तो तिथूनच.

आणि पत्रा ग्राइंडरने कापू देऊ नका. कापलेल्या कडेचा थर जळतो आणि गरम लोखंडी कीस उडून पत्र्यावर चिकटतो, पहिल्याच पावसात तिथे तांबडे ठिपके दिसायला लागतात. कात्रीने किंवा निबलरने, म्हणजे पत्रा कुरतडत कापणाऱ्या यंत्राने, कापायला सांगा, संध्याकाळी काम संपलं की छप्पर मऊ झाडूने झाडून घ्या, ओलं सिमेंट सांडलं असेल तर लगेच धुवून टाका कारण ते जस्त आणि अॅल्युमिनियम दोन्ही खातं. तांब्याच्या पाइपचं पाणीही पत्र्यावर पडू देऊ नका. नंतर वर्षातून एकदा, पावसाच्या आधी, पन्हळीतला पालापाचोळा काढायचा आणि वॉशर तपासायचे, एवढीच देखभाल.