योहानाचं बोट

वधस्तंभावरच्या येशूचं हे चित्र. आधी त्यातलं बोट बघा. लाल झग्यातल्या माणसाचं, लांबलचक, जरा जास्तच लांब. हा बाप्तिस्मा करणारा योहान. खरं तर तो इथे असायलाच नको. येशूला वधस्तंभावर चढवलं त्याच्या आधीच हेरोदानं त्याचं शिर उडवलं होतं. चित्रकार माथियास ग्रुनेवाल्डला त्याची फिकीर नाही. त्याला येशूकडे दाखवणारं हे बोट हवं होतं.

योहानाच्या पायाशी कोकरू. छातीतून निघालेली रक्ताची धार थेट प्याल्यात पडतेय.

कोकरू म्हणजे बळी जाणारा येशू. या बळीची मुळं फार मागे जातात. बायबलच्या जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकाचा 16वा अध्याय. प्रमुख याजक वर्षातून एकदाच पडद्याआड, परमपवित्र स्थानात जायचा. दोन बकरे आणायचे, चिठ्ठ्या टाकायच्या. एकाचा बळी द्यायचा, रक्त दयासनावर, म्हणजे तिथल्या पवित्र पेटीच्या झाकणावर शिंपडायचं. दुसऱ्याच्या डोक्यावर याजकानं दोन्ही हात ठेवायचे, सगळ्या लोकांची पापं बोलून दाखवायची आणि त्याला रानात सोडून द्यायचं. पुढच्या वर्षी पुन्हा दोन बकरे. वधस्तंभावर हेच प्रायश्चित्त एकदाच आणि कायमचं झालं, ही ख्रिस्ती श्रद्धा.

मार्काच्या शुभवर्तमानात येशू आपल्या मरणाला खंडणी म्हणतो. आपल्या कानाला हा शब्द धमकीच्या फोनसारखा लागतो. मूळ ग्रीक शब्द लुत्रॉन, म्हणजे गुलामाला किंवा कैद्याला सोडवायला मोजलेली किंमत. मग ती घेतली कुणी? तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती विचारवंत ओरिजेन म्हणाला, सैतानानं. 11व्या शतकाच्या अखेरीस धर्मपंडित आन्सेल्मनं ते खोडून काढलं. सैतानाचं कसलं देणं? मान देवाचा दुखावलाय. भरपाई माणसानं करायची, पण ऐपत देवाचीच, म्हणून देव माणूस झाला. पुढे आबेलार या दुसऱ्या पंडितानं वेगळा सूर लावला: ते प्रेम बघून माणूस आतून बदलतो, तीच सुटका. चर्चच्या प्राचीन परिषदांनी या मरणाचा कुठलाही एक अर्थ सक्तीचा केला नाही, हे बरंच झालं.

आता येशूची कातडी बघा. हिरवट, जागोजाग फोड, काटे रुतलेले. 1512 ते 1516 या काळातलं हे काम इसेनहाइमच्या मठासाठी झालं; आज ते फ्रान्समध्ये कोल्मारला आहे. मठात 'संत अँथनीच्या आगी'चे रोगी यायचे. राय धान्यावरच्या बुरशीनं होणारा हा रोग. बोटं काळी पडायची, हातपाय कापावे लागायचे. रोग्याला या चित्रासमोर आणायचे. तो वर बघायचा. मला आन्सेल्मच्या हिशेबापेक्षा ही नजरानजर जास्त पटते.

कबुली, क्षमा, तुटलेल्या नात्याचा समेट, हे सगळं वधस्तंभावरच्या या मरणातूनच पुढे येतं.

सणाला चित्राच्या या लाकडी फळ्या उघडायच्या. आत पुनरुत्थित ख्रिस्त. कातडी नितळ, फोड एकही नाही. तळहातांवरच्या जखमा मात्र तशाच.